लाल टिकली

मोहटोल्यात एक रिवाज होता. श्रावण-भादव्यात जंगलातून आणलेल्या सात्या बाजारात न्यायच्या आधी टोपली मनकर्णाच्या ओसरीवर उतरवायची. सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या अळंब्या. त्या निघतात ते मोजके दिवस, आणि तेवढे दिवस पोंभुर्ण्याच्या बाजारात मटणाला कोणी विचारत नाही. पण वारुळाच्या आसपास गवतात दुसरीही एक उगवते. तीही पांढरी, तीही छत्रीची, आणि दिसायला सातीपेक्षा देखणी. ती खाल्लेल्या माणसाची दोन-तीन तासांत आतडी पिळवटून निघतात. मनकर्णा एकेक उचलायची, उलटी करायची आणि खालच्या पापुद्र्यांवर नजर टाकायची. पापुद्र्यांना हिरवट झाक दिसली की ती अळंबी कुंपणापलीकडे जायची.

"वरून सबन पांढऱ्याच दिसतेत वं," ती पोरीबाळींना सांगायची. "उलटी करून पाह्याव."

चाळीस वर्षांत तिच्या हातून चुकीची एक गेली नव्हती. या कामाचं तिला कोणी काही देत नव्हतं आणि तिनं कधी मागितलंही नव्हतं. गावात तिचा शब्द चालायचा, तो या ओसरीमुळे.

तिची सून नीलिमा ही गावची आशा. गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसी, क्षयाच्या गोळ्या आणि अलीकडे बीपी-शुगरची नोंद, सगळं तिच्याकडे. आणि नीलिमाचं रजिस्टर म्हणजे काय विचारता! दुसऱ्या गावच्या आशांची रजिस्टरं चहाच्या डागांनी आणि कोंबड्यांच्या पायांनी भरलेली, हिचं मात्र लग्नपत्रिकेसारखं. वर पारदर्शक कव्हर, आत आखलेल्या रेघा आणि प्रत्येक शुगरवाल्याच्या नावापुढे एक टिकली. हो, कपाळावरची टिकलीच. लाल आणि हिरवी.

त्या टिकल्यांची अक्कल तिची स्वतःची. झालं असं की प्रशिक्षणाला साहेबांनी पडद्यावर शुगरचे दोन प्रकार दाखवले, टाइप वन आणि टाइप टू. जेवणानंतरची वेळ, पंखे बंद, अर्ध्या बायका पेंगत होत्या. साहेब म्हणाले, टाइप वनच्या पेशंटला इन्सुलिनची सुई लागतेच. नीलिमा पेंगत नव्हती. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. साहेब खरंच बोलले होते. फक्त बाईनं घरी येऊन ते उलटं वाचलं, की ज्याला सुई लागते तो टाइप वन. गाढवाला चार पाय असतात, म्हणून चार पायांचं दिसेल ते गाढव!

तिचा तरी दोष किती म्हणावा? मोहटोल्यात आधीपासूनच शुगरचे दोन प्रकार होते, सुईची आणि गोळीची. सुईची म्हणजे मोठी, गोळीची म्हणजे लहान. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक हळूच विचारायचे, मुलाच्या बापाला सुईची आहे का गोळीची. सरकारचे दोन प्रकार आणि गावाचे दोन प्रकार नीलिमाच्या डोक्यात असे चपखल बसले की तिला पुन्हा विचारायची गरजच वाटली नाही. सुईवाल्याला लाल टिकली, टाइप वन. गोळीवाल्याला हिरवी टिकली, टाइप टू. तालुक्याच्या बैठकीत आशांवर देखरेख ठेवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिचं रजिस्टर सगळ्यांना उंच धरून दाखवलं. पुढच्या आठवडी बाजारात आसपासच्या आशांनी टिकल्यांची पाकिटं घेतली.

तीन वर्षांपूर्वी, धानाच्या रोवण्यात मनकर्णाच्या पायाला खुंट लागला. जखम महिना झाला तरी भरेना. पाय काळा पडायला लागला तेव्हा निकेशनं, म्हणजे तिच्या मुलानं, तिला चंद्रपूरला नेलं. तिथं शुगर निघाली, साडेचारशेच्या वर. नऊ दिवस ठेवून घेतलं, पाय वाचला, आणि सकाळ-संध्याकाळ सुई लावून घरी पाठवलं. तेव्हा ती पंचावन्नची होती.

नीलिमानं दवाखान्याचा कागद पाहिला. पहिल्या पानावर सुईचं प्रमाण लिहिलेलं होतं. तेवढं तिला पुरलं. तिनं रजिस्टर उघडलं, सासूचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, मोबाइलमध्ये टाइप वन भरलं आणि लाल टिकली काढली. मनकर्णा बाजूलाच बसली होती. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती तिचा.

"काय लावून राह्यली वं?" तिनं विचारलं.

"तुमच्या नावाले टिकली लावतो, आत्या. लाल."

"लाव, लाव. कपारावरची तं गेली. इथी तरी लाव," मनकर्णा म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

दर डिसेंबरात, धान कापून झालं की डोळ्यांची गाडी यायची. गाडीत एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवली की डोळ्याच्या आतला फोटो निघायचा. शुगर डोळ्याच्या पडद्यावर गुपचूप काम करते, माणसाला कळेपर्यंत पडदा फाटलेला असतो, म्हणून ही गाडी. कोणाचे डोळे पाहायचे त्याची यादी मोबाइलमधल्या नोंदींवरूनच निघायची. पहिल्या वर्षी यादीत मनकर्णाचं नाव नव्हतं. नीलिमानं गाडीवरच्या प्रफुलला विचारलं. हा चंद्रपूरचा तरुण, कामाला चोख. त्यानं मोबाइल पाहून सांगितलं, "ताई, यांची टाइप वन आहे ना? टाइप वनला शुगर निघाल्यापासून पाच वर्षांनी पाहतात. टाइप टू असती तर निघाल्याबरोबर पाहिलं असतं."

नियम बरोबर होता. तो मनकर्णाला लागू नव्हता, एवढंच. नीलिमानं घरी येऊन सांगितलं, "आत्या, तुमचा नंबर पाच वर्सानं हाय."

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मनकर्णा म्हणाली, "डोऱ्यासमोर कारे धागे येतेत वं नीलिमा. केस पडल्यासारखे. पुसलं तरी जात नाई."

"चष्म्याचा नंबर असन," नीलिमा म्हणाली. तिच्या हातात तेव्हा लसीकरणाची यादी होती आणि चुलीवर भात. तिनं सासूकडे पाहिलंही नाही.

तिसऱ्या वर्षीचं मात्र नीलिमा मेल्याशिवाय विसरणार नाही.

त्या सकाळी मनकर्णानं धुतलेलं लुगडं नेसलं, केस चोपून बांधले आणि शाळेपुढे गाडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बावीस जणांची यादी होती, दुपारी दोनलाच संपली. मनकर्णा तशीच उभी होती. प्रफुल म्हणाला, "बसवा ना ताई आजीला. फोटोच तर काढायचा आहे. पाच मिनिटांचं काम."

नीलिमानं मागे पाहिलं. शाळेच्या ओट्यावर शेजारची कलाबाई बसली होती. हिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मच्छरदाण्या वाटल्या तेव्हा हिनंच गावभर केलं होतं, की आशाबाईनं घरात तीन ठेवल्या. होत्या दोन, आणि त्याही नियमानं. पण तोंडाला तोंड कोण देणार? तेव्हापासून नीलिमानं मनाशी गाठ मारली होती, की घरच्या माणसाला नियमाच्या इंचभर पुढे न्यायचं नाही. गावासाठी एक नियम असेल तर घरासाठी दीड. याला ती इमानदारी म्हणायची. लोकांच्या भीतीला माणूस किती चांगली नावं देतो!

"यादीत नाव नाई, प्रफुलभाऊ," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. ओट्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "मायी सासू हाय म्हून काय नियम मोडाचा? आत्या, तुमी घरी जा. दोन वर्सं राह्यले तुमचे."

"मले धुंदुक दिसून राह्यलं वं," मनकर्णा हळू म्हणाली.

"घरी जा म्हनलं ना."

मनकर्णा गेली. चिखल नव्हता, दगड नव्हता, तरी पाय चाचपत गेली. नीलिमानं ते पाहिलं आणि तिला राग आला, की म्हातारी लोकांना दाखवायला असं चालते. कलाबाईनं मात्र त्या संध्याकाळी चार घरी सांगितलं, की आशाबाई खरी, सासूलाही सोडत नाही. नीलिमाला ते ऐकून बरं वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं दिव्यालाच आपल्या उजेडाचं कौतुक होतं.

मग उन्हाळा गेला, पाऊस आला, वारुळं फुटली आणि रिवाजाप्रमाणे टोपल्या ओसरीवर उतरायला लागल्या. मनकर्णा आता साती हातात घेऊन अंगणात उतरायची, आभाळाकडे धरायची, डोळ्याजवळ आणायची. बोटांनी देठ चाचपायची, नाकाला लावायची. वासावरून आणि देठावरून तिला बरंच कळायचं. बायका म्हणायच्या, मनकर्णाबाई आता जास्तच बारकाईनं पाहते. हो, बारकाईनंच! तिला दिसत नव्हतं, हे ती कोणत्या तोंडानं सांगणार होती? एकदा सांगितलं तर घरच्याच माणसानं चारचौघांत घरी हाकललं होतं. आणि ओसरीवर टोपली उतरली नाही तर मनकर्णा म्हणजे गावातली अजून एक बुढी, दुसरं काय.

एक दिवस कलाबाईची सून दीपाली सकाळी टोपली घेऊन आली. मनकर्णानं निवडून दिली. दीपालीनं थोड्या घरी ठेवल्या, आणि दुपारी कलाबाई, तिचा मुलगा सुनिल आणि दीपाली तिघं जेवले. तीन वाजता सुनिल अंगणात ओणवा पडला होता. कलाबाई ओकून ओकून पिवळी पडली. नीलिमाच धावली, तिनंच गाडी बोलावली, तिनंच दीपालीचं डोकं मांडीवर धरून दवाखाना गाठला. टोपलीत उरलेल्या दोन अळंब्या डॉक्टरला दाखवायला म्हणून तिनं बरोबर घेतल्या होत्या. वाटेत तिनं त्या उलट्या केल्या. पापुद्रे हिरवट होते. शाळेतल्या पोरालाही दिसले असते.

तिघं वाचले. पाच दिवसांनी कलाबाई काठी टेकत ओसरीसमोर येऊन उभी राहिली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मनकर्णा, तुले दिसत नोवतं तं सांगाचं होतं. आमी तुया भरोशावर खाल्लं."

मनकर्णा खांबाला टेकून बसली होती. "मी सांगतलं होतं," ती म्हणाली.

"कोनाले सांगतलं?"

नीलिमा दारात उभी होती. मनकर्णानं मान तिच्याकडे वळवली, पण नजर दोन हात बाजूला, भिंतीवर गेली. नीलिमाला तिथंच मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ओसरीवर टोपली आली नाही. बायका टोपल्या पदराखाली झाकून पलीकडच्या गल्लीनं शकुबाईकडे न्यायला लागल्या.

निकेश खाणीत ठेक्यावर होता. त्यानं दोन दिवसांची सुट्टी काढली आणि तिघं नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण वयानं लहान होती, साक्षी नावाची. तिनं मनकर्णाच्या डोळ्यांत औषध घातलं, आतलं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली.

"डावा गेलाय," ती म्हणाली. "आत रक्त उतरून पडदा ओढला गेलाय. उजव्याला लेझर देऊ, इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं धरून ठेवायचा प्रयत्न करू. पण तेही आकार आणि उजेड एवढंच राहील. आधी कधी पडद्याची तपासणी झाली नाही का?"

"मी गावची आशा हाय, मॅडम. रजिस्टरात टाइप वन हाय ना," नीलिमा म्हणाली. "पाच वर्सं झाले नोवते."

डॉक्टरणीनं केसपेपरवरचं वय पाहिलं. "पंचावन्नाव्या वर्षी निघालेली शुगर, आणि टाइप वन? कोणी सांगितलं? जुने कागद आहेत का?"

मनकर्णानं कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडून चाचपत पुढे केली. तीन वर्षं तिनं तो कागद जपला होता. डॉक्टरणीनं पहिलं पान वाचलं आणि पान उलटलं. मागे, औषधांच्या यादीखाली, स्पष्ट लिहिलेलं होतं, टाइप टू. त्याखाली अजून एक ओळ होती, डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्यावा.

"हे बघा, इथं तर आहे," डॉक्टरीण म्हणाली. "सुईवरून टाइप ठरत नाही, ताई. सुई दोन्हीत लागू शकते. टाइप टू शरीरात कित्येक वर्षं गपचूप असते, म्हणून सापडली त्याच वर्षी डोळे पाहायचे आणि मग दरवर्षी. पहिल्या वर्षी फोटो निघाला असता तर हे डोळे बहुतेक वाचले असते. तुमच्या रजिस्टरात टाइप वन कोणी लिहिलं?"

मनकर्णा शेजारी डोळे मिटून बसली होती. औषधाचं पाणी तिच्या गालावरून ओघळत होतं.

"वरूनच तसं आलं असन," नीलिमा म्हणाली.

खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो, हे तिला तिथं कळलं. श्वास घ्यायलाही त्याहून जास्त लागतो.

घरी आल्यावर निकेशनं तिला गोठ्यामागे नेलं. तो काही बावळट नव्हता, त्याला समजलं होतं. "कोनाले सांगू नको," तो म्हणाला. "काम जाईन, अना लोक गावात ठेवनार नाई तुले. आईचे डोरे तं गेले. सांगतल्यानं वापस येनार हायेत काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

नीलिमानं मूठ झाकली. मोबाइल उघडून मनकर्णाच्या नावापुढे एकचा दोन केला. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर लाल अक्षरं आली, की मनकर्णाबाईंची नेत्रतपासणी तीन वर्षांपासून थकलेली आहे, तातडीनं करावी. वरातीमागून घोडं, आणि तेही खिंकाळत! रजिस्टरातली लाल टिकली तिनं नखानं खरवडली. टिकली निघाली, पण तीन वर्षांचा गोंद होता, नावाचं पहिलं अक्षर घेऊन निघाली. आणि मग तिचं लक्ष खालच्या नावांकडे गेलं. मोहटोल्यात अजून पाच लाल टिकल्या होत्या. त्यातली एकच खरी, सातवीतल्या चंचलची. तिची शुगर लहानपणीच निघाली होती. बाकीचे चार पन्नाशीच्या पुढचे. आणि आसपासच्या गावांत किती, ते त्या पाकिटं घेणाऱ्या आशांनाच माहीत.

नीलिमा आता कोणाच्या अंगणात गेली की आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायची. बारा दिवस तिनं असे काढले. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. आणि रोज काहीतरी निघायचं, कोणाची प्रसूती, कोणाचा ताप. भित्र्या माणसाला काम कधी कमी पडत नाही.

तेराव्या दिवशी सकाळी मनकर्णा ओसरीवर लसूण सोलत बसली होती. सोललेल्या पाकळ्या आणि टरफलं एकाच सुपात पडत होती. नीलिमा ते वेगळं करायला खाली बसली आणि बसल्याबसल्या तिच्या तोंडून निघून गेलं.

"आत्या, ते मीच लिवलं होतं. वरून नोवतं आलं. तुमी दोन नंबरच्या होत्या. मी सुई पाहून एक लिवलं."

मनकर्णाची बोटं थांबली नाहीत. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"लाल टिकली तूच लावली होती माया समोर. मी पाह्यली होती. तवा दिसे मले." तिनं एक पाकळी सुपात टाकली. "डाक्टरबाईनं इचारलं तवा मी वाट पाहून राह्यली होती, तू आता सांगतं, मंग सांगतं. तू वरून आलं म्हनलीस. घरी येऊन बी वाट पाह्यली. बारा दिवस झाले."

नीलिमानं तिचे पाय धरले. तीन वर्षांपूर्वी वाचलेला तो पाय धरला आणि ती रडायला लागली. "मले माफ करा, आत्या."

"सोड." मनकर्णानं पाय ओढून घेतला. "माफी मांगून राह्यली, पन तुयं तोंड मले दिसते काय? तू खरी रडतं का खोटी, मी कशी पाहू? मी जल्मभर उलटी करून पाहा म्हनत राह्यली. गावातल्या पोट्ट्या सिकल्या. माया घरातली तेवढी नाई सिकली. एक कागद उलटवाचा होता, बाई. एक कागद. अना त्या दिवशी रांगेतून मले हाकललं, ते कागदानं नाई हाकललं. ते तू हाकललं."

म्हणण्यासारखं होतं ते सगळं मनकर्णानं म्हटलं होतं, आणि प्रत्येक शब्द खरा होता.

"अजून कोनाकोनाले लाल लावली तू?" मनकर्णानं विचारलं.

"चुकीच्या चार हायेत. भैयाजी, लालसूकाका, झाडूची माय, अना..."

"भैयाजी?" मनकर्णानं सूप बाजूला सारलं. "तो गाडी चालवते ना वं! आख्ख्या गावाले भरून बाजाराले नेते. ऊठ. मले घेऊन चाल."

"तुमी काऊन येता? मी जातो एकटी. मी सांगतो."

"तुयं कोन आइकन? तू उद्या म्हनशीन, एकाचा दोन झाला, तं लोक म्हनतीन, आशाबाईचं रोजचंच हाय. मले पाहून आइकतीन. मी तुयासाठी नाई येत, समजून घे."

दोघी निघाल्या. नीलिमा पुढे, मनकर्णाचा हात तिच्या खांद्यावर. भर सकाळी गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाल्या. कलाबाईच्या अंगणापुढून जाताना मनकर्णानं तिला थांबवलं. "इथी आधी सांग," ती म्हणाली. आणि नीलिमानं सांगितलं. कलाबाई, दीपाली, नळावर आलेल्या दोन-चार बायका, सगळ्यांपुढे सांगितलं, की सासूच्या डोळ्यांत दोष नव्हता, दोष माझ्या रजिस्टरात होता, आणि तिनं सांगितलं होतं ते मला सांगितलं होतं. कलाबाईनं तोंडाला पदर लावला. कोणी शिवी दिली नाही, कोणी जवळही आलं नाही. दीपाली तेवढी म्हणाली, "मंग त्या दिवसी रांगेत..." आणि पुढे तिनं वाक्य गिळलं.

भैयाजीचं घर गावाच्या टोकाला. तो पोंभुर्ण्याच्या फेरीसाठी जीप पुसत होता. बावन्न-त्रेपन्नचा गडी, गेल्या दिवाळीपासून सुईवर. आत सहा-सात जण आधीच बसलेले, एक बाई तान्हं लेकरू घेऊन. त्यानं दोघींना पाहिलं, मनकर्णाला पाहून हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काय वं बाई, तुमी कुठी निंगाल्या? बाजाराले येता काय? बसा, जागा करतो."

"बाजाराले नाई आली, बाप्पा," मनकर्णा म्हणाली. तिनं मान वर केली. तिची नजर जीपच्या टपावरून पलीकडच्या झाडांवर गेली होती. "मले एक सांग. खरं सांगजो. तुया डोऱ्यासमोर कारे धागे येतेत काय? केस पडल्यासारखे?"

भैयाजी हसला. मग त्यानं जीपमधल्या माणसांकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"येतेत ना बाई. उन्हाळ्यापासून येऊन राह्यलेत. पन घाबराचं काई नाई. नीलिमाबाईले इचारलं होतं मी. तिनं सांगतलं, चष्म्याचा नंबर असन."

मनकर्णाचा हात नीलिमाच्या खांद्यावर होता. तो तिनं काढून घेतला, आणि आधाराशिवाय अंगणात उभी राहिली.